सगळं ठीक असतानाही उकळतं पाणी हेलकावे का खातं?

वीजनिर्मितीच्या बातम्यांमध्ये हल्ली एक आकडा वारंवार दिसतो: ४० टक्के. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते तेव्हा कोळशावरच्या संचांनी मागे सरावं आणि दिवस मावळला की पुन्हा पुढे यावं, अशी अपेक्षा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे या संचांना ४० टक्के लोडपर्यंत खाली उतरता आलं पाहिजे. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचाच्या हिशोबात हे २६४ मेगावॉट होतात.

वाचणाऱ्याला वाटतं, यात अवघड ते काय? पूर्ण ताकदीने चालणारं यंत्र निम्म्याहून कमी ताकदीवर चालवायचं, म्हणजे त्याला उलट आरामच की. वीज केंद्रात काम केलेली माणसं मात्र हे ऐकून कपाळाला आठ्या घालतात. त्यांच्याकडे कारणांची यादी आहे: भट्टीतली ज्योत डळमळते, जाड पोलाद पुन्हा पुन्हा तापून-निवून थकतं, प्रत्येक युनिटमागे कोळसा जास्त जळतो. या यादीतलं एक कारण बातम्यांपर्यंत क्वचितच पोचतं. नळीतून वाहता वाहता उकळणारं पाणी कमी प्रवाहात चमत्कारिक वागू शकतं. पंप ठीक, व्हॉल्व्ह ठीक, आग स्थिर, कुठेही गळती नाही आणि तरीही नळीतला प्रवाह वाढतो, घटतो, पुन्हा वाढतो.

बॉयलरवाल्यांना हे जवळजवळ नव्वद वर्षांपासून माहीत आहे. अणुभट्टीवाल्यांना याने एकदा चांगलाच घाम फोडला. आणि आता एआयच्या चिप थंड करू पाहणारे इंजिनिअर त्याच प्रश्नापाशी येऊन पोचले आहेत.

## मुळात पाणी उकळवायचंच कशाला?

कारण उष्णता वाहून नेण्यात उकळणाऱ्या पाण्याची बरोबरी करणं कठीण आहे. एक किलो पाण्याचं तापमान १० अंशांनी वाढवायला सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक किलो पाणी १०० अंशांवर असताना त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे पन्नासपटींहून जास्त. आणि एवढी उष्णता पोटात घेताना तापमान हलत नाही. भरपूर उष्णता, थोडं पाणी आणि पृष्ठभाग सगळीकडे सारखाच गरम. इंजिनिअरला आणखी काय हवं?

या सोयीबरोबर एक गैरसोयही गळ्यात पडते. नळीत आता पाणी आणि वाफ एकत्र वाहतात. याला टू-फेज प्रवाह म्हणतात. आपण मिश्र प्रवाह म्हणू. पुढची सगळी भानगड या मिश्रणाची आहे.

## वाफेला जागा लागते, फार जागा लागते

साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्याची वाफ केली तर ती सुमारे १,६०० लिटर जागा व्यापते. तेवढंच वजन, पण पसारा सोळाशेपट. नळीची रुंदी तर तेवढीच असते. मग वाफेपुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जोरात पळणं. वेग वाढला की नळीच्या भिंतीशी घर्षण वाढतं आणि प्रवाह ढकलायला जास्त दाब खर्च होतो. नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढा दाब असा खर्च होतो त्याला आपण ‘दाबघट’ म्हणू. लेखात लागणारी परिभाषा जवळपास एवढीच.

दाब वाढवला की हा पसारा आवरतो. अणुभट्टीत असतो तशा ७० बार, म्हणजे हवेच्या साध्या दाबाच्या सुमारे सत्तरपट, दाबाला पाणी २८६ अंशांना उकळतं आणि वाफ पाण्याच्या फक्त वीसपट जागा घेते. सुमारे २२१ बारला तर पाणी आणि वाफ यांतला फरकच संपतो. त्यापलीकडच्या बॉयलरला सुपरक्रिटिकल म्हणतात, आणि कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच याच जातीचे आहेत. तिथे पूर्ण लोडवर उकळणं हा प्रकारच होत नाही. मग त्यांना काळजी कसली? ते पुढे येईल.

## पाणी कमी केलं तर अडथळा वाढतो?

साधा नळ घ्या. त्यातून कमी पाणी सोडलं तर घर्षण कमी, दाबघट कमी. यात कुणाला शंका नाही. आता ती नळी बाहेरून सतत सारखी तापवली जाते असं धरा आणि आत येणारं पाणी हळूहळू कमी करत जाऊ.

सुरुवातीला पाणी इतकं भरपूर असतं की ते उकळतच नाही. ते कमी केलं की दाबघट कमी होते, अपेक्षेप्रमाणे. मग एक टप्पा असा येतो की नळीच्या वरच्या टोकाला पाणी उकळायला लागतं. आणखी पाणी कमी केलं तर उकळणं खालपर्यंत सरकतं, वाफ वाढते, वाफ पळते आणि दाबघट वाढायला लागते. आत कमी पाणी येतंय आणि अडथळा वाढतोय! त्याहूनही कमी केलं तर नळीत जवळपास सगळी वाफच उरते. आता कमी करू तशी दाबघट पुन्हा उतरते. आलेख काढला तर रेषा आधी उतरते, मग चढते, मग परत उतरते.

या वळणाचा परिणाम काय होतो ते एम. लेडिनेग यांनी १९३८ मध्ये एका जर्मन नियतकालिकात मांडलं, आणि आजही त्या प्रकाराला त्यांचंच नाव आहे. परिणाम असा: दाबघट एकच, पण तेवढ्या दाबघटीत बसणारे प्रवाह तीन. भरपूर पाण्याचा एक, जवळपास कोरड्या वाफेचा एक, आणि मधला एक, ज्यावर नळी टिकूच शकत नाही. समजा नळी त्या मधल्या स्थितीत आहे आणि प्रवाह जरासा घटला. घटल्यामुळे अडथळा वाढतो, अडथळा वाढल्यामुळे प्रवाह आणखी घटतो, आणि नळी घसरत जाऊन कोरड्या स्थितीत स्थिरावते. आग मात्र बाहेर तशीच असते. आत पाणी नाही म्हणजे धातूची उष्णता घेऊन जाणारं कुणी नाही. नळी लाल होते, फुगते, फुटते.

## पंप जोरदार बसवला तर प्रश्न मिटेल ना?

हा पहिला आक्षेप असतो, आणि एकच नळी असती तर तो बरोबर ठरला असता. पंप म्हणेल, मी मिनिटाला अमुक लिटर ढकलणार म्हणजे ढकलणार, मग नळीला घसरायला वाव राहणार नाही.

पण मोठ्या बॉयलरच्या भट्टीभोवती शेकडो नळ्या उभ्या असतात. सगळ्या खालच्या एका हेडरमधून निघतात आणि वरच्या हेडरला मिळतात. हेडर म्हणजे जाड आडवा पाइप, जो सगळ्या नळ्यांना पाणी वाटतो. दोन्ही टोकं सामाईक, म्हणून प्रत्येक नळीची दाबघट सारखीच असावी लागते. प्रवाह मात्र सारखा असण्याची सक्ती कुणावरच नाही. शेकडोंपैकी एक नळी कोरड्या स्थितीत घसरली तर तिच्या वाटचं पाणी बाकीच्यांत निमूट वाटलं जातं. पंपाला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या दृष्टीने एकूण पाणी तेवढंच आहे. कंट्रोल रूममधल्या एकूण प्रवाहाच्या आकड्यावरही ओरखडा उठत नाही. मला या सगळ्या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते: सरासरी शाबूत राहते आणि एकजण जळतो.

## पण घसरणं वेगळं आणि डोलणं वेगळं

वर सांगितलं ते एकदाच घडतं. नळी घसरते आणि तिथेच राहते. शीर्षकातले हेलकावे हा दुसरा प्रकार. त्याचं मूळ आहे उशिरा मिळणारं उत्तर.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचं काय होतं ते आपण दर दोन-तीन वर्षांनी पाहतो. भाव चढला की जो तो कांदा लावतो. पण आज लावलेला कांदा बाजारात यायला काही महिने जातात. तो येतो तेव्हा सगळ्यांचा एकदमच येतो आणि भाव कोसळतो. पडलेला भाव बघून पुढच्या हंगामात लागवड घटते, मग टंचाई, मग पुन्हा भाव. कुणीही वेड्यासारखं वागत नाही. प्रत्येक शेतकरी समोरच्या भावाला रास्त प्रतिसाद देतो, फक्त त्या प्रतिसादाचा परिणाम एक हंगाम उशिरा येतो. म्हणून भावाचा एक पूर्ण हेलकावा, चढ आणि उतार धरून, साधारण दोन हंगामांचा होतो.

आता नळीत या. काही कारणाने क्षणभर तळाशी थोडं जास्त पाणी आलं. उष्णता तेवढीच, म्हणून या घोटात वाफ कमी बनते आणि तो आजूबाजूच्या मिश्रणापेक्षा जड राहतो. हा जड घोट वर चढत जातो. वरच्या टोकाला मिश्रण सर्वांत वेगात पळत असतं. तिथे हे जड ओझं पोचलं की ते बाहेर ढकलायला जास्त दाब खर्च होतो. एकूण दाबघट तर हेडरने बांधून दिलेली. वर जास्त खर्च झाला म्हणजे खालच्या टोकासाठी कमी उरला, म्हणून तळाशी येणारं पाणी घटतं. घटलेल्या पाण्याचा घोट हलका बनतो, तो वर पोचला की तिथला अडथळा सैल पडतो, आणि तळाशी पाणी पुन्हा वाढतं. जड, हलका, जड, हलका अशा लाटा नळीतून चढत राहतात. इंजिनिअर याला घनतेची लाट म्हणतात. एका हेलकाव्याला लागणारा वेळ पाण्याला नळी पार करायला लागणाऱ्या वेळाच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. कांद्याचं गणित इथेही जवळपास तेच आहे.

चाणाक्ष वाचक इथे अडवतील: आत्ताच तर म्हणालात की कमी पाणी म्हणजे जास्त अडथळा, आणि आता जास्त पाणी म्हणजे जास्त अडथळा? दोन्ही खरं आहे. लेडिनेगच्या हिशोबात आपण दर वेळी नळीला निवांत स्थिरावू दिलं होतं. इथे स्थिरावायला वेळच मिळत नाही. वरच्या टोकाला वेग जुन्या, हलक्या मिश्रणाचा असतो आणि त्यात जड घोट येऊन धडकतो.

प्रत्येक वेळी हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत गेला तर तो आपोआप विरतो आणि कुणाला कळतही नाही. मोठा होत गेला तर यंत्र अस्थिर. हे कशावर ठरतं? वरच्या मिश्र भागातला अडथळा खालच्या निव्वळ पाण्याच्या भागातल्या अडथळ्याच्या तुलनेत किती आहे यावर, मुख्यतः. उष्णता जास्त, प्रवाह कमी आणि दाब कमी, हे तिन्ही एकत्र आले की पारडं वाईट बाजूला झुकतं. पूर्ण ताकदीने धो धो पाणी वाहत असताना यंत्र सहसा शांत असतं. धोका प्रवाह मंदावल्यावर आहे.

## ९ मार्च १९८८, लासाल

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या लासाल केंद्राचा दुसरा संच उकळत्या पाण्याचा, म्हणजे अणुभट्टीच्या आतच पाणी उकळवून वाफ टर्बाइनला देणारा. त्या दिवशी तो सुमारे ८४ टक्के क्षमतेवर चालला होता. एका तंत्रज्ञाच्या हातून व्हॉल्व्ह फिरवताना चूक झाली आणि अणुभट्टीत पाणी फिरवणारे दोन्ही पंप बंद पडले.

पंप बंद पडले म्हणून पाणी थांबलं नाही. गरम मिश्रण हलकं असतं, ते वर जातं आणि जड पाणी त्याची जागा घेतं. हे नैसर्गिक अभिसरण चालूच राहिलं, पण प्रवाह बराच खाली आला. त्यातच आत येणारं पाणी आधी गरम करणारे हीटर निकामी ठरले आणि थंड पाणी आत यायला लागलं. थोडक्यात, पंप पडल्यावरही बऱ्यापैकी उष्णता आणि फार कमी प्रवाह, त्यात थंड पाण्याची भर.

काही मिनिटांत शक्तीचा काटा डोलायला लागला. २५ टक्क्यांवरून ५० टक्के, पुन्हा २५, दर दोन-तीन सेकंदांनी. ऑपरेटर पंप पुन्हा सुरू करायच्या खटपटीत होते. ते जमेना, म्हणून भट्टी हाताने बंद करायच्या तयारीत असतानाच हेलकावा ११८ टक्क्यांच्या मर्यादेला भिडला आणि स्वयंचलित यंत्रणेने ती बंद केली. पंप पडल्यापासून साधारण सात मिनिटांत हे सगळं झालं. इंधनाला इजा झाली नाही. पण उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांबद्दल अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने त्याच वर्षी सगळ्या केंद्रांना सूचना काढल्या, आणि कमी प्रवाह-जास्त शक्ती हा आलेखाचा कोपरा ऑपरेटरसाठी निषिद्ध प्रदेश झाला.

## वाफ वाढली की शक्ती घटते ना? मग भीती कसली?

अणुभट्टीची थोडी माहिती असलेले हा प्रश्न विचारतात आणि तो चांगला आहे. अशा भट्टीत पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, आणि मंद न्यूट्रॉनमुळेच साखळी प्रक्रिया चालते. वाफ वाढली म्हणजे पाणी घटलं, म्हणजे शक्ती उतरते. यंत्र स्वतःच स्वतःला लगाम घालतं. चेर्नोबिलच्या भट्टीत हे उलटं होतं, तिथे वाफ वाढली की शक्ती वाढायची. म्हणून लासालची तुलना चेर्नोबिलशी करणं चुकीचं आहे.

लगाम आहे, पण लगामही उशिरा लागतो. वाफ बनायला वेळ, ती वर चढायला वेळ, इंधनाच्या गोळीतली उष्णता पाण्यापर्यंत पोचायला काही सेकंद. भाव पडल्यावर लागवड घटते हाही लगामच असतो. तरीही भाव डोलतो.

खरं तर उकळत्या पाण्याची भट्टी बांधायच्या आधीच ही शंका काढली गेली होती. भट्टीच्या पोटात पाणी उकळू दिलं तर सगळा गोंधळ होईल असं अनेकांना वाटत होतं. सॅम्युअल अंटरमायर यांचं मत वेगळं होतं, आणि १९५३ पासून आयडाहोच्या ओसाड पठारावर बोरॅक्स नावाच्या प्रयोगांतून त्यांनी आणि आर्गॉन प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वाफ भट्टीला आवरते. त्यातूनच ही जात जन्माला आली. म्हणजे शंका घेणारे निखालस चुकीचे नव्हते आणि उत्तर देणारेही बरोबर होते; पुरेशा प्रवाहात आणि पुरेशा दाबाला भट्टी शांत राहते.

याहून फसवा एक प्रकार आहे. भट्टीचा डावा अर्धा भाग चढतो तेव्हा उजवा उतरतो आणि पुढच्या क्षणी उलट. बेरीज केली तर शक्ती स्थिरच दिसते. इटलीतल्या काओर्सो केंद्रात असं डोलणं पाहिलं गेलंय. पुन्हा तीच सरासरीची फसवणूक. म्हणून आता भट्टीत जागोजागी बसवलेल्या संवेदकांचं वाचन वेगवेगळं तपासलं जातं आणि लयबद्ध चढउतार दिसला की यंत्रणा स्वतः भट्टी बंद करते. एवढं करूनही हा विषय संपला असं नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये स्वीडनच्या ओस्कार्सहाम्न केंद्रातला दुसरा संच असाच डोलला आणि १३२ टक्क्यांपर्यंत जाऊन बंद झाला.

## आपल्याकडे काय?

तारापूरचे पहिले दोन संच याच जातीचे. जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्याचे, ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागलेले, देशातले पहिले. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट, पुढे ती १६० वर आणली गेली. तिथे पाणी फिरवायला पंप आहेत, त्यामुळे निरोगी प्रवाह हाताशी असतो.

ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने थोरियमसाठी आखलेली प्रगत जडपाणी भट्टी मात्र पंपाविना, केवळ नैसर्गिक अभिसरणावर चालावी अशी आहे. ३०० मेगावॉटची. पंप नाही म्हणजे पंप बंद पडायची भीती नाही, वीज गेली तरी पाणी फिरत राहणार. आकर्षक कल्पना. पण मग प्रवाह किती असावा हे पंप सांगत नाही, वाफच ठरवते, आणि वाफेचा लहरीपणा आपण पाहिलाच. सर्वांत नाजूक वेळ सुरुवातीची: दाब कमी, म्हणून वाफेचा पसारा अफाट, आणि उंच नळ्यांत थोडी जरी वाफ झाली तरी हलकेपणा एकदम बदलतो. ट्रॉम्बेच्या अभियंत्यांनी यासाठी नळ्यांची मोठी प्रायोगिक मंडलं उभारून वर्षानुवर्षं मोजमाप केलं. त्यातून आलेली एक युक्ती सोपी आहे: आधी दाब चढवून घ्यायचा, उकळी नंतर येऊ द्यायची. भट्टी अजून कागदावर आहे, पण हे काम जगभरच्या शोधनिबंधांत उद्धृत होतं.

## मग इलाज काय, आणि तो उलटा का वाटतो?

सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत जास्त वापरला जाणारा इलाज असा: प्रत्येक नळीच्या तोंडाशी, जिथे पाणी आत शिरतं तिथे, मुद्दाम अडथळा घालायचा. मधोमध लहान भोक असलेली धातूची चकती, तिला ऑरिफिस म्हणतात. प्रवाह नीट वाहावा म्हणून प्रवाहाला अडवायचं.

हे चालतं, कारण तोंडाशी निव्वळ पाणी असतं. तिथलं घर्षण प्रवाहाच्या बदलाला त्याच क्षणी उत्तर देतं: पाणी वाढलं की लगेच विरोध वाढतो, घटलं की लगेच सैल होतो. उत्तराला उशीर नाही, म्हणून हेलकाव्याला खाद्य नाही. लेडिनेगचा वेडावाकडा आलेखही याने सरळ होतो, कारण या सरळमार्गी दाबघटीपुढे वाफेची नखरेबाज दाबघट किरकोळ ठरते.

तोच अडथळा नळीच्या वरच्या टोकाला घातला तर? तिथे मिश्रण असतं, त्याचं उत्तर उशिरा येतं, आणि हेलकावे आणखी वाढतात. (कांद्याच्या बाजारात शेवटच्या टोकाला बसवलेला असा अडथळा म्हणजे निर्यातबंदी. डिसेंबर २०२३ मधली आठवून पाहा. शेतकरी तिच्या वेळेबद्दल काय बोलतात ते इथे छापण्याजोगं नाही.)

फुकट मात्र काही नाही. ऑरिफिसमध्ये दाब वाया जातो, म्हणजे पंपाला जास्त वीज लागते, आणि ती वर्षानुवर्षं रोज लागते. शिवाय भोक लहान म्हणून गंजाचा कचरा अडकायचा धोका. पंप नसलेल्या भट्टीत तर असा अडथळा परवडणं आणखी कठीण, कारण तिथे ढकलायला मुळात जोरच थोडा असतो. दुसरा इलाज दाब वाढवण्याचा, त्याची किंमत जाड पोलादात मोजावी लागते.

## सुपरक्रिटिकल बॉयलरमध्ये तर उकळतच नाही ना?

पूर्ण लोडवर नाही. पण लोड कमी करताना अशा बॉयलरमध्ये सहसा दाबही उतरवतात, कारण टर्बाइनला कमी वाफ द्यायची असते आणि दाब उतरवून देणं किफायतशीर पडतं. लोड पुरेसं खाली आलं की दाब २२१ बारच्या खाली जातो आणि जे पाणी आतापर्यंत उकळत नव्हतं ते भट्टीच्या भिंतीतल्या नळ्यांत उकळायला लागतं. प्रवाह कमी, दाब कमी आणि भट्टीच्या एका कोपऱ्यात ज्योत जास्त, दुसऱ्यात कमी. वाईट परिस्थितीचे सगळे घटक आयते जमतात.

याचा अर्थ ४० टक्क्यांवर चालवणं अशक्य आहे असा नाही. बॉयलर बांधणारे किमान प्रवाहाची मर्यादा ठरवून देतात, त्याखाली गेलं तर पाणी आणि वाफ वेगळी करणाऱ्या विभाजकातून पाणी परत फिरवायची सोय असते, नळ्यांना आतून पेचासारखे आटे असतात, तोंडाशी ऑरिफिस असतात. पण जो संच सतत पूर्ण लोडवर चालेल असं धरून आखला गेला, त्याला रोज दुपारी या कोपऱ्यात नेऊन उभा करायचं तर प्रत्येक नळीच्या तापमानावर वेगळी नजर हवी. सरासरीच्या आकड्यावर विसंबून चालणार नाही. ‘लवचिक व्हा’ असा आदेश काढणं सोपं आहे. त्याचा खर्च कोण सोसणार हा प्रश्न वीजदराच्या सुनावण्यांमध्ये येतोच, आणि माझ्या मते तो रडगाणं म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

## आणि चिप?

एनव्हिडियाच्या एच१०० या एआय चिपला ७०० वॉटपर्यंत वीज लागते, बी२०० ला सुमारे १,०००. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते, तीही तळहातापेक्षा लहान जागेत. ऐरोली-महापे पट्ट्यातल्यासारख्या डेटा सेंटरमध्ये अशा चिपची कपाटंच्या कपाटं भरायची तर पंख्याची हवा पुरत नाही. म्हणून चिपच्या पाठीवर द्रवाच्या बारीक वाहिन्या बसवतात. आज बहुतेक ठिकाणी तो द्रव नुसता गरम होऊन परततो. तो उकळू दिला तर थोडक्या द्रवात कितीतरी जास्त काम होईल, हे सगळ्यांना माहीत आहे.

अडचण वाहिनीच्या आकाराची. ती मिलिमीटरच्या काही दशांशाएवढी, कधी त्याहून बारीक. एक बुडबुडा झाला की तो वाहिनी पूर्ण व्यापतो, मग दोन्ही दिशांना फुगतो आणि येणाऱ्या द्रवाला मागे रेटतो. प्रवाह अक्षरशः उलटा फिरतो. मागे रेटलेला द्रव हेडरमार्गे शेजारच्या वाहिन्यांत शिरतो, इकडची वाहिनी कोरडी पडते आणि तेवढ्यापुरता चिपचा तो ठिपका तापतो. त्यात नळ्या लवचिक असल्या किंवा कुठे हवा अडकलेली असली तर तिथे दाब साठतो आणि मोकळा होतो. याने आणखी संथ, मोठे हेलकावे सुरू होतात.

आयआयटी मुंबईतून पीएचडी करून पुढे अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेलेले सतीश कांडलीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक वाहिनीच्या तोंडाशी अरुंद गळा ठेवला. बॉयलरच्या ऑरिफिसचाच हा सूक्ष्म भाऊ. नुसता गळा पुरत नव्हता, म्हणून वाहिनीत बुडबुडे धरायला मुद्दाम सूक्ष्म खाचाही केल्या. गुळगुळीत पृष्ठभागावर द्रव उकळायचं टाळत जास्तच तापत राहतो आणि मग एकदम भडकून वाफ होते. खाचा असल्या की उकळी लवकर आणि सौम्यपणे सुरू होते. गळा आणि खाचा दोन्ही एकत्र आल्यावर उलटा प्रवाह थांबला. बदल्यात द्रव ढकलायला जास्त दाब लागला, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्या अजून तोच हिशोब करतायत: पंपाचा खर्च परवडतो की थोडा जास्त द्रव फिरवून न उकळताच काम भागवायचं.